‘पास आउट’ होणे म्हणजे काय?

इंग्रजी क्रियापद एकटे असते तेव्हा सरळ चालते. पण त्याच्यामागे एखादे लहानसे अव्यय येऊन उभे राहिले, की त्याचा अर्थ पालटतो. ‘पास’ म्हणजे पुढे जाणे किंवा उत्तीर्ण होणे. त्याला ‘अवे’ जोडले, की मरण पावणे. ‘आउट’ जोडले, की शुद्ध हरपणे. मात्र ‘पास आउट’ला आणखी एक, मोठ्या मानाचा अर्थ आहे : सैनिकी शिक्षण पुरे करून संस्थेबाहेर पडणे.

हा अर्थ चेन्नईत प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. सेंट थॉमस माउंट येथे १९६३ साली सुरू झालेल्या आणि १९८८ पासून ‘ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत शिक्षणक्रमाच्या अखेरीस ‘पासिंग आउट परेड’, म्हणजे दीक्षान्त संचलन, होते. तेथील संचलनाच्या मैदानास मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव आहे. मुंबईत शिकलेले परमेश्वरन १९७२ साली याच संस्थेतून बाहेर पडले व महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. १९८७ साली श्रीलंकेत ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. २०१५ साली काश्मीरमध्ये वीरमरण आलेल्या कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ साली याच संस्थेतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

अशा व्यक्तीविषयी इंग्रजीत नुसते ‘पास्ड आउट’ लिहिले, तर परक्या वाचकास ती मूर्च्छित पडली असे वाटेल. त्यापुढे ‘फ्रॉम’ किंवा ‘ऑफ’ आणि संस्थेचे नाव आले, की घोटाळा टळतो. भारतात हा प्रयोग छावणीची वेस ओलांडून महाविद्यालयांतही शिरला आहे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र तेथे ‘ग्रॅज्युएट’ म्हणतात. परदेशी पाठवावयाच्या अर्जात तोच शब्द योजावा.

मराठी माणसास यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘पडणे’ म्हणजे खाली येणे. परंतु लग्न पार पडते, माणूस आजारी पडतो आणि विद्यार्थी शिकून बाहेर पडतो, तेव्हा कोणीही खाली येत नाही. ज्यास आपल्या भाषेतील हे ‘बाहेर पडणे’ उमगले, त्यास इंग्रजीतील ‘पास आउट’ अवघड जाऊ नये. दोन्हीकडे नियम एकच : शब्द सुटा करून नव्हे, त्याच्या सोबत्यासह वाचावा.