साप दिसला, तर आधी दोन पावले मागे

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे रूप पालटते. चांदबिबी महालाचा उजाड डोंगर हिरवा होतो, डोंगरगणच्या दरीत पाणी खळाळू लागते, हरिश्चंद्रगड आणि रतनगडाच्या वाटांवर रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे दिसतात. मुलांनी मोबाइलवर शेपटीचा खुळखुळा वाजविणारा अमेरिकेतील साप पाहिलेला असतो. तो हातात धरून हसणारा माणूसही पाहिलेला असतो. मग दगडाच्या कपारीत काठी खुपसून एखादे मूल विचारते, “बाबा, इथे सापडेल का हो तसला साप?”

या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार हवे. खुळखुळ्या साप भारतात नाही. तो अमेरिका खंडाचा रहिवासी. मात्र त्याच्याच कुळातील दोन विषारी साप, फुरसे आणि घोणस, आपल्या माळरानावर आणि बांधावर राहतात. विशेष म्हणजे, तेही दंशापूर्वी बहुधा आवाज करून सावध करतात. तो इशारा ओळखून मागे सरणे, हीच सापाशी वागण्याची सर्वांत सुरक्षित रीत आहे.

इशारा देणारे आणि न देणारे

फुरसे जेमतेम फूट-दीड फुटाचे. रंग मातीचा, डोक्यावर बाणासारखी फिकट खूण. खडकाळ, कोरड्या माळावर दगडाखाली ते दबा धरून असते. डिवचले गेले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते. त्याच्या खवल्यांना करवतीसारखी धार असल्याने कोरडा, खरखरीत आवाज उमटतो. आकाराने लहान म्हणून त्याला कमी लेखू नये.

घोणस जाड, आखूड शेपटीची. पाठीवर साखळीसारखे गडद तपकिरी ठिपके. तिचा फुत्कार कुकरमधून सुटणाऱ्या वाफेसारखा दीर्घ असतो. अनेकांना ती अजगराचे पिल्लू वाटते आणि हीच गफलत जीवघेणी ठरते. घोणस एका वेळी वीस-चाळीस पिल्लांना जन्म देते व ती पिल्ले जन्मतःच विषारी असतात. नाग फणा काढून फुत्कारतो, हे तर आपण सारे जाणतोच.

चौथा साप मण्यार. तो निशाचर आहे. काळ्या-निळसर चकचकीत अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. तो बहुधा कोणताही इशारा देत नाही. अंथरुणाच्या उबेला येतो आणि झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाला दंश करतो. दात इतके बारीक, की कित्येकदा जागही येत नाही.

म्हणून एक गोष्ट प्रत्येक मातेने लक्षात ठेवावी. पावसाळ्यात जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठले, त्याच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोलणे अडखळू लागले, तर पित्त किंवा अपचन समजून घरात थांबू नये. अंगावर दंशाची खूण दिसो वा न दिसो, तत्काळ रुग्णालय गाठावे. पुढे श्वास मंदावू लागला, तर कृत्रिम श्वासयंत्राने प्राण वाचू शकतात. मात्र त्यासाठी मूल वेळेवर तेथे पोहोचलेले असले पाहिजे.

पाहावा, पण दुरून

सापाविषयीचे कुतूहल मुळीच वाईट नाही. मुलांना साप दाखवावाही; मात्र दोन मीटरचे अंतर राखून. साप आपल्या लांबीच्या साधारण अर्ध्यापर्यंत झेप घेऊ शकतो, म्हणून एवढे अंतर पुरेसे असते. साप दिसताच थांबावे, मुलांना मागे घ्यावे आणि त्याला जाण्यास वाट मोकळी ठेवावी. पळणाऱ्या माणसाचा पाठलाग करणे किंवा सूड धरणे हे सापाच्या स्वभावात नाही. आपण त्याचे भक्ष्य नव्हे. विष त्याला उंदीर-बेडकांसाठी हवे असते.

सहलीला जाताना घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. दगड हाताने उलटू नयेत, बिळात वा कपारीत हात घालू नये. गडावर चढताना आधार घेण्यापूर्वी ती जागा नजरेने तपासावी. मेलेल्या सापालाही हात लावू नये. मान तुटलेल्या सापाचे तोंड काही काळ दंश करू शकते.

धरण्याचा मोह

“हा बिनविषारी आहे, मला ओळखता येतो,” असे म्हणणारा एकजण प्रत्येक गावात असतो. निरुपद्रवी कवड्या आणि मण्यार यांतील भेद पाहा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीने असतात आणि शेपटीकडे स्पष्ट दिसतात. निवांत वाचताना हा फरक सोपा वाटतो. रात्री विजेरीच्या झोतात, सरपटणाऱ्या अंगावर तो ओळखून त्यावर बोटांची पैज लावणे शहाणपणाचे नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडणे, बाळगणे वा त्यांचे खेळ करणे गुन्हा आहे. घरात साप शिरला तर त्या खोलीतून सर्वांना बाहेर काढावे, सापावर दुरून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. प्रशिक्षित सर्पमित्र साधनांनिशी येतो. त्यालाही “जरा हातात धरा, फोटो काढू” असा आग्रह करू नये. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणे योग्य नव्हे.

ऊस, कोपी आणि अंथरूण

सर्पदंशाचा खरा भार सहलीला जाणाऱ्यांपेक्षा कष्टकऱ्यांवर पडतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील.

आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाने या भागाचे जीवनमान बदलले. उसात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. पाथर्डी-शेवगावकडून आलेली ऊसतोड कुटुंबे फडाशेजारी कोपी घालून भुईवरच निजतात. पहाटे अंधारात पाचटात हात घालावा लागतो. अकोल्याच्या भातखाचरांत अनवाणी पाय चिखलात असतात. त्यांना “बाहेर जाऊ नका” असे सांगणे निरर्थक आहे.

त्यांच्यासाठी, आणि आपल्यासाठीही, उपाय साधे आहेत. शक्य तेथे खाटेवर निजावे. ते शक्य नसल्यास मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचाव्यात. ती डासांप्रमाणे मण्यारीलाही अडविते. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. शेतात गमबूट वापरावेत, पाचट आधी काठीने हलवावे, सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग घरापासून दूर रचावा. धान्य झाकून ठेवले की उंदीर कमी होतात आणि उंदीर कमी झाले की सापालाही घरात येण्याचे कारण उरत नाही. धामण दिसली तर तिला मारू नये. उंदरांचा फडशा पाडणारी ती शेतकऱ्याची सोबतीण आहे.

दंश झालाच तर

पहिले औषध धीर. प्रत्येक दंशात विष शरीरात जातेच असे नाही. मंत्राने किंवा मारुतीच्या देवळात नेल्याने बरे झाल्याच्या कथा बहुधा अशाच कोरड्या दंशाच्या असतात. पण दंश कोरडा आहे की नाही, हे घरी कळत नाही. कडुनिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, या परीक्षांना काही अर्थ नाही. त्यांत केवळ वेळ जातो.

- रुग्णाला चालू देऊ नये. दंश झालेला अवयव फळीने, मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा, स्थिर करावा.
- अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत. सूज आल्यावर ते रुततात.
- आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, विष तोंडाने ओढू नये, बर्फ लावू नये.
- दंशाची वेळ लक्षात ठेवावी. साप शोधण्यात वा मारण्यात वेळ घालवू नये.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तिला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय कोणते आणि सर्पदंशावरील लस तेथे आहे का, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी. रुग्णालयात डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याचे कळते. नाग आणि मण्यारीचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. आपल्याकडील लस या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणूनच साप पकडून नेण्याची गरज नसते.

आणखी एक गोष्ट पालकांनी जाणून घ्यावी. लहान मुलालाही या लसीची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप मुलाला कमी विष देत नाही. “एवढ्याशा लेकराला इतके औषध?” असे म्हणून डॉक्टरांना अडवू नये.

नागपंचमीला आपल्या घरी पाटावर गंधाने नाग रेखाटतात, त्याला लाह्या वाहतात आणि त्या दिवशी भुई खणत नाहीत, काही चिरत नाहीत. जिवंत नागाला दूध पाजण्याची त्यात आवश्यकता नाही. दूध हे त्याचे अन्नच नव्हे. पाटावरच्या नागाला नमस्कार करताना यंदा मुलांना जवळ बसवावे आणि हे सारे समजावून सांगावे. मग डोंगरगणच्या वाटेवर कपारीतून खरखर ऐकू आली, तर काठी खुपसण्याऐवजी तेच मूल आपला हात धरून म्हणेल, “बाबा, मागे या.”