स्नायूंची जन्मापासूनची तूट

२०२५ च्या घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, जीमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि पाकीटबंद पनीर करमुक्त झालं. थंडीची चाहूल लागली की नागपुरात तसाही जीमचा हंगाम सुरू होतो, त्या वर्षी त्याला हे आणखी एक निमित्त मिळालं. करकपात मालकांच्या खिशात किती राहते आणि फीमध्ये किती उतरते, हा हिशेब जरीपटक्यासारख्या व्यापारी वस्तीला समजावून सांगायला नको. तिथल्या पुरुषांशी बोलायचं आहे ते त्यांच्या अंगातल्या तुटीबद्दल.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. दुकान, गल्ला, दिवसाचे दहा-बारा तास एका जागी बसून काम. शेजारच्या इंदोऱ्यात नोकरदार आणि कष्टकरी अधिक. घरची भाषा वेगळी, ताट वेगळं, पण तिशी-पस्तिशीच्या पुरुषाचा बांधा दोन्हीकडे बराचसा एकच दिसतो: दंड बारीक, मांड्या बारीक आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी पोट. वजनकाटा म्हणतो, सगळं ठीक. घरचेही म्हणतात, कुठे जाड आहेस तू? आणि चाळिशीच्या आत साखर निघते.

हे कोडं ज्या माणसाने सोडवायला घेतलं तो आपल्याच राज्यातला आहे, आणि जीममध्ये नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याचं नाव ठाऊक असायला हवं असं मला वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी एक छायाचित्र छापलं. लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन आणि स्वतः याज्ञिक, दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. नुसत्या डोळ्यांना दोघेही सडपातळ. शरीरातल्या चरबीचं मोजमाप केलं तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे चित्र 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून जगभर गाजलं. आपल्या देशाच्या आजाराचा पुरावा म्हणून एका डॉक्टरने स्वतःचं शरीर पुढे केलं, याचं मोल मला आकड्यांइतकंच वाटतं.

त्यांनी शोध तिथेच थांबवला नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये त्यांच्या चमूने गरोदर बायकांची आणि नंतर त्यांच्या बाळांची मोजमापं घेतली. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपलं बाळ एवढं लहान, तर ते सगळीकडूनच लहान असणार असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. दंडावरचं मांस कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून. म्हणजे पहिल्या श्वासाच्या आधीच काटकसर झाली ती स्नायूंमध्ये, चरबीत नाही. शेतात राबणाऱ्या, पुरेसं न खाणाऱ्या आईच्या पोटात बाळाचं शरीर जगण्यापुरतं जे वाचवायचं ते वाचवतं, आणि स्नायू मागे राहतात. गल्ल्यावर बसलेल्या पुरुषाच्या बारीक दंडाचा इतिहास असा त्याच्या आईच्या ताटापर्यंत मागे जातो.

हे पोटापाण्याच्या भाषेत असं: जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवायचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदामच लहान असेल तर माल रस्त्यावर येतो. म्हणून पाश्चात्त्यांसाठी २५ ला वाजणारी बीएमआयची धोक्याची घंटा आपल्याकडे २३ ला वाजते, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात.

यावरून काही जण लगेच निष्कर्ष काढतात की आपली हाडंच तशी, आपल्या रक्तात बॉडी नाही. मला हे बोलणं सहन होत नाही, कारण ते खोटं आहे. ग्लासगोतल्या संशोधकांनी दक्षिण आशियाई आणि गोऱ्या पुरुषांना एकत्र घेऊन बारा आठवडे वजनांचा व्यायाम दिला. आपल्या वंशाच्या पुरुषांची चरबी तेवढी हलली नाही, वरच्या अंगाची ताकदही तुलनेने कमी वाढली. पण स्नायू बांधण्याच्या क्रियेत आणि स्नायूंच्या वाढीत दोघांमध्ये फरक आढळला नाही. सुरुवात मागून होते, हे खरं. शरीर वजनाला दाद देत नाही, हे खरं नाही.

उदाहरणं लांबून आणायची गरज नाही. १९५२ साली मिस्टर युनिव्हर्समध्ये आपल्या गटाचा किताब पटकावणारे बंगालचे मनोहर आईच ४ फूट ११ इंचांचे होते आणि शंभरी ओलांडून जगले. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. स्नॅचमध्ये ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये १३५. पुढचं वजन उचलताना कोपर दुखावलं नसतं तर पदकाचा रंग कदाचित बदलला असता. ५५ किलोचा मराठी मुलगा स्वतःच्या जवळजवळ अडीच पट वजन डोक्यावर तोलतो, यापुढे रक्ताची सबब टिकत नाही.

मग जीममध्ये वर्ष वर्ष जाऊनही मुलं तशीच का राहतात? कारण आरशात जे दिसतं तेच मारलं जातं. आज चेस्ट, उद्या बायसेप, परवा पुन्हा चेस्ट, आणि लेग डे पुढच्या आठवड्यात. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांत, नितंबांत आणि पाठीत आहेत. साखरेचं काम तिथे होतं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, वर दाबायचा प्रेस, आठवड्यातून दोन-तीन दिवस, आणि महिन्यामागून महिना वजनात थोडी थोडी वाढ. शेवटची ही अट सुटली की बाकी सगळं असून काही हाती लागत नाही. स्नायूला कालच्यापेक्षा जास्त ओझं मिळालं नाही तर वाढायचं त्याला कारण उरत नाही.

नागपूरच्या बागांमध्ये बसवलेल्या ग्रीन जीमबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. सांधे मोकळे करायला, आजी-आजोबांना हालचाल करायला ती यंत्रं चांगली. पण त्यांतल्या बहुतेकांवर वजन वाढवायची सोयच नसते. पहिल्या दिवशी जेवढं ओझं, तेवढंच पाचव्या वर्षी. आपल्या तालमींना हे कळत होतं. हलका मुद्गल, मग जड मुद्गल, करेल, दगडी नाल, अशी चढत जाणारी उतरंड तिथे होती. महापालिकेने दयानंद पार्कसारख्या बागेत शेडखाली एक बारबेल, काही प्लेटा आणि संध्याकाळी दोन तास एक जाणता प्रशिक्षक दिला, तर ज्यांना कर कमी होऊनही फी परवडत नाही त्यांच्यापर्यंत हे पोहोचेल.

आता ताट. राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब सर्वसाधारण माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे. वजन उचलणाऱ्यासाठी बहुतेक संशोधन १.६ ग्रॅमच्या आसपास थांबतं, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण १०४ ग्रॅम. सकाळचे तर्री-पोहे, दुपारी वरण-भात, रात्री पोळी-भाजी, यात ते बसत नाही. आणि इथेच डब्यातली पावडर विकली जाते. व्हे हे दुधातलंच प्रथिन, विष नाही. पण याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्नायूंसाठी अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण विदर्भाच्या मुलाने प्रथिनासाठी डब्याकडे बघावं हे मनाला लागतं. शंभर ग्रॅम सोयावडीत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. नागपूरच्या चारही बाजूंना सोयाबीन पिकतं. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, २०२५ च्या हंगामात क्विंटलला ५,३२८ रुपयांचा हमीभाव जाहीर होऊनही शेतकऱ्याला बाजारात तो मिळत नव्हता, आणि शहरातला मुलगा महागडा डबा घेतो. सोयावडी, फुटाणे, दूध-दही, पनीर, अंडी, आणि चालत असेल त्याला चिकन, एवढ्यात १०४ ग्रॅम सहज भरतात.

डब्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे ती सुई. मेफेंटरमाइन हे भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. ते व्यायामाआधी टोचून घेणाऱ्यांच्या आणि चोरून विकणाऱ्यांच्या बातम्या राज्यात सतत येतात. त्याने स्नायूचा एक धागाही वाढत नाही. वाढतो तो रक्तदाब, आणि तोही हृदयावर भार घालून. तुमच्या जीममध्ये हे कुणी देऊ केलं तर ते जीम त्याच दिवशी सोडा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

पन्नाशीच्या पुढच्यांना हा विषय पोरांचा वाटतो. खरं तर तो त्यांचाच जास्त आहे. सतरा देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या 'प्युअर' अभ्यासात मुठीची पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि पकड सगळ्यात कमी असलेल्या प्रदेशांमध्ये दक्षिण आशिया होता. त्यात २०२५ मध्ये वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आपल्या बाजारात आली. त्यांनी उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून मुळातच स्नायू कमी असलेल्या माणसाने ती घेताना वजनांचा व्यायाम सोडणं परवडणारं नाही. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये पुरुषाच्या पकडीची खालची मर्यादा २८ किलो ठरवली होती. ती मोजायचं यंत्र हातात मावतं आणि मोजायला मिनिटही लागत नाही. साखर तपासायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाची पकड रक्तदाबाबरोबर मोजायला जरीपटक्यातल्या दवाखान्यांनी लगेच सुरुवात करावी.