सिस्टर डॉक्टरांशी भांडत नसते

कॅन्सर वॉर्डातली सिस्टर ‘मुलाची बाजू मांडते’ म्हटलं, की ती डॉक्टरांशी वाद घालते असा अनेकांचा समज होतो. पण बाजू मांडणं म्हणजे पेशंट ॲडव्होकसी (रुग्णाचं म्हणणं आणि गरज उपचार ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचवणं), आणि तो परिचर्येचाच भाग आहे. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचं दुखणं नात डॉक्टरांना नीट सांगते. औषध मात्र ती ठरवत नाही. तसंच हे.

चार वर्षांचं मूल ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. कधी ते नुसतं भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. रात्रपाळीच्या सिस्टरला ते दिसतं आणि ती डॉक्टरांना सांगते. मुलांना वेदना किती हे सांगता यावं म्हणून अमेरिकेत डोना वाँग या परिचारिकेने कॉनी बेकर यांच्यासह १९८०च्या दशकात हसऱ्या-रडक्या सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. मूल त्यातल्या आपल्या वेदनेशी जुळणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं.

आईवडिलांनो, राउंडच्या वेळी प्रश्न सुचत नसतील, तर मनातल्या शंका आदल्या रात्रीच सिस्टरला सांगून ठेवा.