‘बाहेरचं’ घरात कुठून येतं?

मलकापूर स्टेशनवर उतरून बुलढाण्याकडे निघालं की वाटेत मोताळा लागतं आणि पुढे राजूर घाट. होळीच्या आधीच्या दिवसांत या रस्त्यावरची गर्दी वेगळीच असते. जीप, ट्रक, एसटीच्या जादा गाड्या पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे चाललेल्या असतात. त्यांत हिंदूही असतात, मुसलमानही, आणि मराठी मुलखाबाहेरून आलेलेही. होळीला तिथे नारळांची होळी पेटते. आजारी माणसावरून नारळ, लिंबू, त्याच्या अंगावरचे कपडे उतरवून आगीत टाकायचे, म्हणजे पीडा जळून जाते, अशी समजूत. या गर्दीत कुणाची तरी सून, कुणाचा तरी तरणाताठा मुलगा हमखास असा असतो, ज्याच्याबद्दल घरचे आवाज खाली आणून सांगतात, ‘बाहेरचं आहे.’ लांबून पाहणारा शहरी माणूस लगेच निष्कर्ष काढतो की लहानपणापासून भुताखेतांचे आणि देवाधर्माचे संस्कार झाले, म्हणून यांची डोकी बिघडली. गावातल्या एखाद्या बुवाच्या निदानाचा धागा अगदी उलटा असतो: घरातलं देवाचं करणं सुटलं म्हणून हे भोगावं लागतंय. दोघांचं एका बाबतीत एकमत आहे. दोघेही मानतात की आजाराचं मूळ संस्कारात आहे. माझ्या मते दोघेही चुकतात, आणि संस्काराचा जो खरा हात या सगळ्यात आहे तो दोघांच्याही नजरेतून सुटतो.

आधी मुळाचं पाहू. स्किझोफ्रेनिया हा सर्वांत गंभीर मानसिक आजारांपैकी एक. कानात आवाज येणं, कुणीतरी मागावर आहे असं ठाम वाटणं ही त्याची ठळक लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत या आजाराचा मोठा अभ्यास केला आणि त्याचा अहवाल १९९२मध्ये प्रसिद्ध झाला. नवे रुग्ण किती निघतात हे ज्या ठिकाणी मोजलं गेलं त्यांत डेन्मार्कचं आर्हूस होतं, जपानचं नागासाकी होतं, कॅथलिक डब्लिन होतं, आपलं चंडीगड आणि त्याच्या आसपासची खेडी होती, आणि मॉस्कोही होतं. मॉस्को तेव्हा सोव्हिएत राज्याची राजधानी, म्हणजे जिथे शाळेपासून मुलांना देव नाही असं शिकवलं जाई. आजाराची काटेकोर व्याख्या लावली तेव्हा या सगळ्या ठिकाणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक सापडला नाही. शहरात वाढणं, स्थलांतर अशा कारणांनी हे प्रमाण बदलतं असं नंतरच्या संशोधनातून पुढे आलं हे खरं. पण त्यांत देवघराचा संबंध नाही. आनुवंशिकतेचा मात्र आहे. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला तो असण्याची शक्यता ४० ते ५० टक्क्यांच्या घरात जाते. हरिपाठ म्हणणाऱ्या घरातही हा आजार येतो आणि देव न मानणाऱ्या घरातही.

मग संस्कार काय करतात? ते आजाराला भाषा पुरवतात. तान्या लुहरमन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांना तुमच्या कानातले आवाज काय बोलतात, हे सविस्तर विचारलं. हे संशोधन २०१५मध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या अनेकांना ऐकू येणारे आवाज अनोळखी, हिंस्र, कापाकापीच्या आज्ञा देणारे होते. आक्रातल्या बऱ्याच जणांना देव बोलतो असं वाटे आणि तो बहुधा चांगलंच सांगे. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक लोकांना नातेवाइकांचे आवाज येत. ते रागावत, पण घरातली कामं कर, असंही बजावत. आजाराचं नाव तिन्हीकडे एकच. त्याची बोली मात्र ज्या घरात माणूस वाढला त्या घराची. मंत्रचळात, म्हणजे तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, हेच दिसतं. सोवळ्याओवळ्याच्या घरातला रुग्ण विटाळाच्या भीतीने दहादा अंघोळ करेल, नमाजी घरातला वजू पुरा झाला की नाही या शंकेने तो पुन्हा पुन्हा करत राहील, आणि ज्याला कशाचंच सोवळं नाही तो जंतूंच्या धास्तीने हात सोलवटेपर्यंत धुवेल. इस्लामी परंपरेत या शंकेला ‘वसवसा’ असा जुना शब्दच आहे. तीन घरं, तीन कारणं, आणि सोललेली कातडी तीच.

इथे एक कबुली द्यायला हवी, कारण ती न देता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अंगात येणं, वारं येणं, हाजरी येणं या अवस्था स्किझोफ्रेनियासारख्या नाहीत. मनावरचा असह्य ताण ज्या रूपाने बाहेर पडतो ते रूप इथे संस्कार जवळजवळ सबंधच घडवतात. लग्न होऊन नुकती आलेली मुलगी सासरी तोंड उघडू शकत नाही, पण तिच्या अंगात आलेलं ‘कुणीतरी’ सासूला चार गोष्टी सुनावू शकतं, आणि सासू त्या ऐकूनही घेते. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजी मंदिराचा अभ्यास केला, त्यावर त्यांचं पुस्तक १९८२मध्ये आलं. अशा रुग्णांच्या दबलेल्या इच्छा आणि राग ‘भुता’च्या तोंडून कसे बोलतात हे त्यांनी त्यात उलगडून दाखवलं आहे. ज्या मुलीने भूत म्हणून काही असतं हे कधी ऐकलंच नाही, तिचा ताण डोकेदुखीतून निघेल, पोटदुखीतून निघेल, दातखिळी बसून निघेल. ताण मात्र संस्काराने दिलेला नसतो. तो सासरने दिलेला असतो, कर्जाने दिलेला असतो, कधी घरातल्याच एखाद्या पुरुषाने.

भाषा पुरवण्यापुरतंच हे असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण आजाराला जे नाव पडतं त्यावर माणसाला कुठे न्यायचं ते ठरतं. ‘बाहेरचं’ म्हटलं की आधी भगत, मग उतारा, मग दर्गा, मग दुसरा देवर्षी, आणि दवाखाना सगळ्यांत शेवटी. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात महाराष्ट्र नव्हता पण शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. याचं सगळं खापर श्रद्धेवर फोडणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. मोताळ्याच्या माणसाला त्यांतलं एकही जवळ नाही. उपचार दारात आले की लोक ते घेतात, याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल घरोघरी बोलायला सुरुवात केली, आणि नैराश्याने त्रस्त लोकांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्या गावांतल्या देवळांच्या घंटा तेवढ्यात बंद पडलेल्या नव्हत्या.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. धार्मिक संस्कार मन घट्ट करतात, असं कीर्तनकारच सांगतात असं नाही, आकडेही सांगतात. हार्वर्डच्या यिंग चेन आणि टायलर व्हँडरविल यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहानपणी दर आठवड्याला प्रार्थनासभेला जाणारी अमेरिकन मुलं विशीत पोचली तेव्हा स्वतःला सुखी म्हणवण्याची त्यांची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आणि अमली पदार्थ घेण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळली. हे आकडे मी झटकून टाकत नाही. पण चर्चमध्ये दर रविवारी जे मिळतं, म्हणजे ओळखीची माणसं, कुणीतरी विचारपूस करणं, आठवड्याला एक ठरलेला ठेका, ते आपल्याकडे भजनी मंडळात आणि दिंडीतही मिळतं, आणि त्याचा किती वाटा देवाचा व किती शेजाऱ्यांचा हे वेगळं काढणं अवघड आहे. शिवाय या विषयात घाई नडते, याचं एक उदाहरण उलट्या बाजूचं आहे. २०१५मध्ये सहा देशांतल्या ११७० मुलांवरचा एक अभ्यास गाजला: धार्मिक घरातली मुलं कमी उदार असतात, असा त्याचा निष्कर्ष. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला. मग लक्षात आलं की हिशेबात देशांचे क्रमांक हेच जणू मोजमाप असल्यासारखे वापरले गेले होते. चूक दुरुस्त केल्यावर तो निष्कर्ष टिकला नाही, आणि २०१९मध्ये लेख मागे घेतला गेला. मागे घेतल्याची बातमी अर्थातच तेवढी गाजली नाही.

मला यापेक्षा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांचं काम महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी ‘धार्मिक की अधार्मिक’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. धार्मिक माणसांमध्येच कोणता देव मनात आहे, हे त्यांनी विचारलं. रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्क रुग्णांचा त्यांनी दोन वर्षं पाठपुरावा केला. देवाने मला टाकलं किंवा हे सैतानाचं काम आहे, असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला; सैतानाच्या बाबतीत सुमारे १९ टक्क्यांनी, देवाने टाकल्याच्या भावनेत सुमारे २८ टक्क्यांनी. माझा मुद्दा नेमका इथे आहे. मुलाला देव शिकवला की नाही, यापेक्षा आसरा देणारा शिकवला की डूख धरणारा, यावर जास्त अवलंबून आहे. मराठी मुलखाला हा फरक नवा नाही. विठोबाला माउली म्हणणारी परंपरा इथलीच, आणि देवाचा कोप, पितरांचा दोष, करणी, भानामती यांचा धाक घालणारीही इथलीच. एकाच घरात, एकाच आजीच्या तोंडून, मूल दोन्ही ऐकतं.

हिंसेचं काय? ‘वेडा माणूस अंगावर येईल’ ही भीती सार्वत्रिक आहे. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांची तुलना त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी केली. ज्यांना दारू किंवा इतर व्यसन नव्हतं, ते शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नव्हते. कुणी म्हणेल, मग नरबळी? १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनाच्या लोभापायी लहान मुलींचे आणि स्त्रियांचे खून पडले. तो प्रकार कुणाच्या कानात आवाज आले म्हणून झाला नव्हता. तो थंड डोक्याने आखलेला, पैशासाठीचा होता. अघोरी समजुतीने त्याला वाट दाखवली, हे नाकारता येत नाही. पण ती वाट चालणारे आजारी नव्हते. मानसिक आजार आणि अशी समजूत एकत्र येतात तेव्हा हिंसा बहुतेक वेळा रुग्णाच्या हातून घडत नाही, रुग्णावर घडते. भूत काढायचं म्हणून मिरच्यांची धुरी, छडी, चटके. माराने ओरडते ती बाई नसून तिच्यातलं भूत, असं एकदा मानलं की मारणाऱ्याला अपराधही वाटत नाही. या एका समजुतीइतकं घातक मला दुसरं काही दिसत नाही.

तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण मेले. सैलानीच्या परिसरात साखळदंड घातलेले रुग्ण दिसल्याच्या बातम्याही मराठी वृत्तपत्रांत येत राहिल्या आहेत. कायदा आता स्पष्ट आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच ज्याचा अध्यादेश निघाला त्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणं-मारणं हा अनुसूचीतला पहिलाच गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि हा कायदा धर्मावर घाला आहे असं म्हणणाऱ्यांनी त्यातलं आणखी एक कलमही वाचावं: यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना त्याने उघड सूट दिली आहे.

तरीही सगळे दर्गे आणि मंदिरं बंद करा, हे उत्तर मला पटत नाही. तमिळनाडूतल्याच एका छोट्या मंदिरात राहायला आलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास डॉ. आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ना औषध होतं ना मारझोड. राहायचं, अंगण झाडायचं, झाडांना पाणी घालायचं. काही आठवड्यांत त्यांच्या लक्षणांची तीव्रता जवळजवळ २० टक्क्यांनी उतरली. महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरावरचं व्हीडा स्कल्टन्स यांचं १९८७मधलं संशोधन तर आणखी बोलकं आहे. त्यांना दिसलं की अंगात येतं ते बहुतेकदा रुग्णाच्या नाही, तर त्याच्यासोबत राहायला आलेल्या आईच्या किंवा बायकोच्या. त्याचं दुखणं माझ्यावर घाल, असं ती देवाकडे मागते. यात माया आहे, आणि घरातल्या आजाराचा भार बाईनेच का उचलायचा, हा प्रश्नही आहे. पण ज्या माणसाला गावात कुणी जवळ उभं करत नाही त्याला जिथे जेवायला आणि निजायला जागा मिळते, ती जागा मोडताना त्याला दुसरीकडे कुठे ठेवायचं ते आधी सांगावं लागेल.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात २००८ साली ‘दवा-दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं, आणि दुआ झाली की तेच कुटुंबाला म्हणू लागले, आता बाजूच्या खोलीत डॉक्टरांना भेटा. डॉक्टरने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, ते घर मुजावराचं ऐकतं, कारण त्याचं ऐकायचं असतं हे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. जो संस्कार माणसाला दवाखान्यापासून वर्षानुवर्षं दूर ठेवतो, तोच त्याला दहा पावलांवरच्या खोलीतही नेतो. पिंपळगाव सराईहून बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय काही दहा पावलांवर नाही, पण एसटीने तासाभराच्या आतलं आहे.