रंगीत खड्यांची पारख

चार लाल खडे शेजारी शेजारी ठेवले आहेत, असे समजा. वजन सारखे, आकार सारखा, रंगही जवळपास सारखा. पहिला खाणीतून निघालेला आणि केवळ पैलू पाडलेला. दुसराही खाणीतलाच, पण रंग खुलावा म्हणून भट्टीत तापवलेला. तिसऱ्याच्या भेगांमध्ये शिसे मिसळलेली काच भरलेली. चौथा कारखान्यात तयार झालेला. चारही खडे बाजारात ‘माणिक’ म्हणूनच समोर येतात. पण पहिला उत्तम प्रतीचा असेल, तर त्याच्या किमतीत चौथ्यासारखे ओंजळभर खडे येतील. खडा ग्रहासाठी घ्यावा की हौसेसाठी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण आपण पैसे नेमके कशाचे मोजतो आहोत, हे प्रत्येकाला कळायला हवे.

रंगीत खड्याची किंमत सर्वांत आधी त्याच्या रंगावर ठरते. माणिक आणि नीलम हे मुळात एकच खनिज, कुरुंद. त्यात क्रोमियमचा अंश आला की माणिक होते. लोह आणि टायटॅनियम आले की निळा नीलम. रंग पाहताना छटा, गडदपणा आणि तजेला अशा तीन गोष्टी पाहाव्यात. फार फिका खडा जसा कमी मोलाचा, तसाच काळपट दिसण्याइतका गडद खडाही कमी मोलाचा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली माणिक अधिक खुलून दिसते. म्हणून खडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा.

मग येतो निर्मळपणा. इथे सगळ्या रत्नांना एक माप लावून चालत नाही. पाचूमध्ये बारीक भेगा आणि अन्य खनिजांचे कण बहुधा असतातच. जाणकार त्याला पाचूतली ‘बाग’ म्हणतात. मोठा, गडद हिरवा, अगदी निर्मळ पाचू कुणी स्वस्तात देऊ लागला, तर आनंद होण्याऐवजी शंका यावी. मात्र भेग पृष्ठभागापर्यंत आलेली असेल, तर खडा दुबळा समजावा.

पैलूंकडेही लक्ष द्यावे. खडा वरून पाहताना मधोमध फिका पडून आरपार दिसत असेल, तर त्याचे पैलू नीट पडलेले नाहीत. वजनाबाबत एक सावधगिरी हवी. रत्ती सगळीकडे सारखी नाही. कुठे ती सुमारे १२० मिलिग्रॅम, तर कुठे १८० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. कॅरट मात्र जगभर २०० मिलिग्रॅमचाच. म्हणून भाव नेहमी कॅरटमध्ये विचारावा.

एवढे पाहूनही खरा प्रश्न उरतोच: या खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे? माणिक आणि नीलम तापवण्याची पद्धत जुनी आहे आणि व्यापारात ती मान्यही आहे. फक्त तसे सांगितले पाहिजे. पाचूच्या भेगांत तेल मुरवतात, तेही सर्वज्ञात आहे. असा पाचू गरम पाण्यात किंवा दागिने धुण्याच्या यंत्रात घालू नये, तेल निघून जाते आणि दडलेल्या भेगा उघड्या पडतात. काच भरलेल्या माणकाची गोष्ट वेगळी. असे खडे २००४ च्या सुमारास बाजारात मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. त्यातली काच सोनाराच्या फुंकणीच्या आचेनेच काय, लिंबाच्या रसानेही खराब होऊ शकते. असा खडा अस्सल माणकाच्या भावाने घेणे म्हणजे काचेला रत्नाचे पैसे देणे होय.

कारखान्यातले माणिकही नवीन नाही. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नुई यांनी त्याची कृती १९०२ मध्येच जाहीर केली होती. म्हणजे आजीच्या जुन्या अंगठीतले माणिक केवळ जुने म्हणून खाणीतलेच असेल, असे नाही. त्याचे रसायन आणि काठिण्य नैसर्गिक माणकासारखेच असल्याने ओरखडा काढून ते ओळखता येत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून कधी वक्र रेषा, गोल बुडबुडे दिसतात. पण खात्रीचा निवाडा प्रयोगशाळाच देते. नुसत्या नजरेने राजघराणीही चकली आहेत. ब्रिटनच्या राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल नावाचे वेगळेच रत्न आहे.

खड्याची खाण कुठली, यानेही भाव बदलतो. २०१५ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात २५.५९ कॅरटचे ब्रह्मदेशी माणिक सुमारे ३ कोटी डॉलरला गेले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला मोझांबिकचे ५५.२२ कॅरटचे माणिक सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलरला विकले गेले. वजन दुपटीहून अधिक, पण दर कॅरटचा भाव जवळजवळ निम्मा! अर्थात, मूळ गाव सांगणारा दुकानदार त्याचा पुरावाही देऊ शकला पाहिजे.

मग ग्राहकाने काय करावे? मोठी रक्कम मोजण्यापूर्वी सुटा खडा तपासून घ्यावा. अंगठीत बसवल्यावर त्याची मागची बाजू झाकली जाते. मुंबई, जयपूर येथे रत्नपरीक्षण प्रयोगशाळा आहेत. प्रमाणपत्रात खडा नैसर्गिक आहे का, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे वाचावे. पावतीवर रत्नाचे नाव, कॅरटमधले वजन आणि प्रक्रिया लिहून मागावी. दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याबद्दल तो अवाक्षरही काढत नाही.

सचोटीच्या सराफाला या चौकशीचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरायला मुळीच संकोच करू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)