बोर्डो मिश्रणातील चुन्याचा हिशेब

कोकणात सुपारीवर पावसाळ्यात पडणाऱ्या कोळेरोगासाठी बागायतदार एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. 100 लिटर पाण्यास मोरचूद 1 किलो व कळीचा चुना 1 किलो, हे प्रमाण बहुतेकांस ठाऊक आहे. वजने सारखी असली तरी दोन्ही पदार्थ सारखे खर्ची पडत नाहीत.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने 250 भाग मोरचुदास 56 भाग शुद्ध चुना पुरतो. म्हणजे किलोस 224 ग्रॅम. मोरचूद आधी संपते, चुना उरतो. जो पदार्थ आधी संपून क्रिया थांबवितो त्यास मर्यादक घटक म्हणतात. येथे तो मोरचूद असणेच इष्ट होय. परंतु उघड्यावर पडलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुनखडी बनतो. तो किलोभर भरला तरी त्यातील कामाचा अंश अपुरा पडू शकतो. मग चुनाच मर्यादक ठरतो, मोकळे ताम्र द्रवात राहते व कोवळी पाने करपतात. याकरिता घासलेले लोखंडी पाते मिश्रणात मिनिटभर धरावे. तांबूस पुट चढल्यास चुन्याचे द्रावण आणखी घालावे.

आता उतारा पाहू. 1 किलो मोरचुदापासून साध्या हिशेबाने 390 ग्रॅम ताम्र-हायड्रॉक्साइड मिळावे (साक्यातील जिप्सम निराळे). त्यापैकी 351 ग्रॅम हाती आल्यास उतारा 90 टक्के होय. मोरचूद लोखंडी बादलीत विरघळविल्यास तांबे बादलीसच चिकटते व उतारा घसरतो. म्हणून भांडे मातीचे, लाकडी अथवा प्लास्टिकचे घ्यावे.