रणगाडा जपानचा, चिखल नायगावचा

प्लॅस्टिकचे रणगाडे जोडणाऱ्यांच्या जगात 1/35 हा आकडा देवासारखा पुजला जातो. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल. पस्तीसच का? तर सेल मावावेत म्हणून! जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही मुळात लाकडाची वखार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं मोटरवर पळणारा जर्मन पँथर रणगाडा काढला. पोटात मोटर आणि दोन सेल बसतील, एवढाच त्याचा आकार. तो धडाधड खपला. पुढचे रणगाडे त्याच मापात काढावेत म्हणून शुनसाकू तामिया यांनी पट्टी लावली, तर तो खऱ्याच्या साधारण 1/35 भरला. झालं! आज चीन, तैवान, इटली, युक्रेन, सगळीकडचे कारखाने त्या दोन सेलांच्या मापानं रणगाडे ओततात.

नांगरवाल्यांसाठी खास किस्सा. एअरफिक्स या बड्या ब्रिटिश कंपनीच्या किटांची सुरुवात रणगाड्यानं नाही, विमानानंही नाही, ट्रॅक्टरनं झाली. 1949 मध्ये फर्ग्युसन कंपनीला आपल्या विक्रेत्यांना द्यायला छोटे ट्रॅक्टर हवे होते. ते हातानं जोडत बसणं महाग पडायला लागलं, तेव्हा एअरफिक्सनं सुटे भागच दुकानात विकायला ठेवले. तुमचं तुम्ही जोडा! आपल्या शिवारात 'मॅसी' फिरतो ना, त्याच्याच घराण्यातला हा ट्रॅक्टर.

आता थोडं गणित. दुसऱ्या महायुद्धातला शर्मन रणगाडा सुमारे 5.84 मीटर लांब. 1/35 मध्ये तो 16.7 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे टेबलावर मावतो. वजनाची गंमत मात्र वेगळी. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पस्तीस पटींनी घटतात, म्हणून वजन 42,875 पटींनी घटतं. तीस टनांचा शर्मन हुबेहूब पोलादात केला, तरी तो जेमतेम 700 ग्रॅम भरेल. त्याच्या एका बाजूच्या पट्ट्यात 79 कड्या असतात. काही किटांत त्या सुट्या येतात आणि दोन्ही बाजूंच्या मिळून 158 कड्या घासून-पुसून जोडाव्या लागतात. घरच्यांनी जेवायला हाक मारली की नेमकी शंभरावी सुरू असते.

मोठमोठ्यांनाही या खेळण्यांनी घाम फोडलाय. 1961 मध्ये अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीनं पोलारिस क्षेपणास्त्रं नेणाऱ्या अणुपाणबुडीचं किट काढलं. त्यावर अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर भडकले : रशियाला आमची गुपितं 2 डॉलर 98 सेंटांत मिळणार! आणि 'स्टार वॉर्स'मधल्या यानांवरचे ते किचकट पाइप आणि झाकणं? त्यातली कितीतरी रणगाड्यांच्या किटांतून कापून चिकटवलेली आहेत.

एवढ्या जगभरच्या लढाया डब्यात मिळतात. आपल्या अंगणातली मात्र कोणी विकत नाही. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत घुसली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, नळदुर्ग पडला आणि त्याच दिवशी फौज उमरग्यापर्यंत पोचली. त्या मोहिमेत शर्मन होते, हलके स्टुअर्टही होते. हे दोन्ही रणगाडे 1/35 मध्ये सहज मिळतात, पण डब्यातली चिन्हं असतात बहुतेक अमेरिकेची किंवा ब्रिटनची. भारतीय खुणा स्वतः रंगवायच्या. नांदेड-लातूरच्या पोरांनी 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनाला नळदुर्गाचा देखावा मांडावा. नॉर्मंडीचा किनारा मांडायला बाकी जग आहेच.

याच गोष्टीला एक वळण आहे. अर्देशीर तारापोर हे निजामाच्या हैदराबाद लान्सर्समधले अधिकारी. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले. 1965 च्या सप्टेंबरात पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, फिल्लोरा-चविंडाच्या लढायांत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यांनी शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले, स्वतःचे नऊ गमावले. 16 सप्टेंबरला तारापोर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सेंच्युरियनही 1/35 मध्ये मिळतो.

देखाव्याला चिखल लागतोच, आणि इथे आपलं नांदेडकडचं नायगाव जपानच्या पुढे आहे. बाजारात चिखलाच्या बाटल्या महाग विकतात. नदीची वाळू फुकट, पण तिचा अर्ध्या मिलिमीटरचा खडा 1/35 मध्ये पावणेदोन सेंटिमीटरची खडी दिसतो. आपल्या काळ्या मातीतले चिकणमातीचे कण 0.002 मिलिमीटरहून लहान. पस्तीस पटींनी वाढवले तरी धूळच. वस्त्रगाळ करा, फेव्हिकॉल आणि पाण्यात कालवा, पातळ थर द्या. जाड थर दिलात तर शेताला एप्रिलमध्ये जातात तशाच भेगा रणगाड्याला जातील.

खरेदीचं काय? तालुक्यात दुकान नाही, नांदेडातही शोधत बसू नका, मागवायचंच. कस्टम्सच्या लेखी स्केल मॉडेल म्हणजे खेळणंच. 2020 मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 20 टक्क्यांवरून थेट 60 वर गेलं, तेव्हा शौकिनांनी कपाळाला हात लावला. गोंद मात्र स्वस्तातला शोधू नका. मॉडेलचा पातळ गोंद प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो; फेविक्विकच्या वाफेनं काचेसारख्या भागांवर पांढुरकी साय धरते. आणि सावध राहा, किट विकत घेणं आणि किट जोडणं हे दोन वेगळे छंद आहेत. पहिला फार लवकर लागतो. कपाटभर न उघडलेले डबे नसलेला शौकीन औषधालाही सापडायचा नाही.

जोडण्याआधी खरा रणगाडा बघायचा असेल, तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. 1994 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन आणि दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडेसुद्धा आहेत. पाण्यात तरंगणारा पीटी-76सुद्धा बघा. 2023 च्या 'पिप्पा' सिनेमाचं नाव याच रणगाड्यावरून आहे. सगळे समोरून फोटो काढतात. तुम्ही मागून आणि खालून बघा, कारण किटच्या कागदावर नेमकं तेच धड दिसत नाही.